नव्वद सेकंद

टेबलावर तीन कोटेशनं. उडू नयेत म्हणून
जुन्या मोटरचं बेअरिंग ठेवलेलं.
शेठ म्हणतात, "राजेशम, दार लागलं म्हणजे लागलं.
साडेआठशेचं काय नि एकवीस हजारांचं काय?"

दार लागलंय हे सांगणं वेगळं, शेठ.
दार धरून ठेवणं वेगळं.

साडेआठशेचा स्विच चहाडखोर आहे.
दार उघडलं की तो मोटरचा पुरवठा तोडतो,
तिथं त्याची ड्युटी संपली.
पण आपला हायड्रो लगेच कुणाचं ऐकत नाही.
चाळीस किलो ओले टॉवेल पोटात घेऊन
तो फिरत राहतो वीज नसतानाही, आपल्याच वजनाच्या तोऱ्यात,
नव्वद सेकंद.
पॅनलपाशी उभं राहून मी मोजलेत, तीन वेळा.
एकदा ब्याण्णव भरले.

दुसऱ्या कोटेशनमधला जिभेचा.
जीभ खाचेत गेली की मशीन चालू.
अक्कलकोट रोडच्या या शेडमध्ये
कपाच्या चहावरही तूस बसतं,
ती खाच आठवड्यात बुजेल.
आणि सुटी जीभ बाजारात मिळते, शंभरला एक.
खाचेत खुपसून ठेवली की
दार सताड उघडं, मशीनच्या लेखी बंद.

मला हे कसं माहीत, ते विचारू नका.

जुन्या स्विचवर लोहचुंबक सापडलं होतं,
टॉवेलच्या किनारीच्या दोऱ्यानं बांधलेलं.
"कुणाचं काम हे?"
दस्तगीर गप्प. अनसूया येमूल गप्प.
मी पॅनलमध्ये डोकं घालून उगाच स्क्रू आवळत राहिलो.
चुंबक आमच्या घरातल्या फुटक्या स्पीकरचं.
गाठ मात्र वडिलांची,
मागावर तुटला धागा सांधताना मारायचे ती,
नखाएवढी, न सुटणारी.
शेठही पद्मशालीच.
गाठ बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं,
आणि दोरा कात्रीनं कापला.

नगावर मजुरी असते.
पाळीत तीस घाण निघतात,
तीस वेळा नव्वद सेकंद म्हणजे पाऊण तास.
पाऊण तासाची भाकरी कोण देणार?
दस्तगीर म्हणाला होता, "कर की बे कायतरी."
मी केलं.

साठाव्या सेकंदाला त्यानं हात घातला.
टॉवेलच्या कोपऱ्यानं घड्याळ धरलं,
दोन वेढे दिले, पट्टा तुटला.
पट्टा जुना होता.
शनिवारी तो नवा घेणार होता.

तेव्हा हे तिसरं घ्या.
खिळा आत जाऊन बसतो, ड्रम थांबल्याखेरीज सुटत नाही.
त्याची खूण त्याच्या जोडीदारालाच कळते,
स्पीकरच्या चुंबकाला तो भीक घालत नाही.
स्टीलचं अंग, ब्लिचिंगच्या वाफेला टिकेल.
मुख्य म्हणजे यात स्प्रिंग कुलूप लावते, वीज फक्त सोडते.
उलटं घेऊ नका, दोनशेनं स्वस्त असलं तरी.
सोलापुरात लाईट कधी जाईल याचं कोटेशन कुणी देत नाही.

कोटेशनच्या खाली मी पेन्सिलीनं एक ओळ घातली:
घाण्यामागे दीड रुपया वाढवणे.
शेठनी कुलपावर सही केली.
त्या ओळीवर चहाचा कप ठेवला.

वैशाखातल्या मंगळवारी, चारच्या सुमारास लाईट गेली.
पंखे थांबले, माग थांबले, पत्रे तेवढे तडतडत राहिले.
अंधारात हायड्रो एकटाच फिरत होता.
दस्तगीरनं हँडल ओढून पाहिलं. हललं नाही.
मग आम्ही सगळे नुसते उभे राहिलो,
ऐकत.
घरघर, मग कुरकुर, मग थेंब.

"किल्ली आण," शेठ ओरडले, "माल आत भिजलाय."
सक्तीनं उघडायची किल्ली एकच आहे,
माझ्या करगोट्याला.
मी म्हटलं, आणतो.
आणि उभाच राहिलो.
ब्याण्णव भरतात कधीकधी.
दस्तगीर मनगटाच्या पांढऱ्या पट्ट्यावर
बोट ठेवून मोजत होता.